ऋण काढून मिळविलेला मान

श्रीमद्भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात भगवंतांनी दैवी व आसुरी अशा दोन संपत्तींचे वर्णन केले आहे. आसुरी संपत्तीची लक्षणे चौथ्या श्लोकात एका ओळीने मोजली आहेत. त्यांत क्रोध, कठोरता आणि अज्ञान ही मागून येतात. सर्वांच्या आधी येतो तो दंभ. उलट तेराव्या अध्यायात ज्ञानाची साधने सांगताना भगवंतांनी अमानित्व आणि अदंभित्व या दोन गुणांपासूनच आरंभ केला आहे. आपल्यापाशी जे नाही ते आहे असे लोकांस भासविण्याची धडपड म्हणजे दंभ. आणि लोकांनी आपल्याला थोर म्हणावे ही आतली भूक म्हणजे मान. ही भूक आधी लागते व ती भागविण्यासाठी दंभ मागून येतो.

दंभ हा श्रीमंतांचा दोष आहे अशी सामान्य समजूत असते, कारण सोळाव्या अध्यायात पुढे जे चित्र रेखाटले आहे ते धनाने माजलेल्या मनुष्याचे आहे. आज एवढे मिळविले, उद्या तेवढे मिळवीन, माझ्यासारखा दुसरा कोण, यज्ञ करीन, दान देईन, मौज करीन, असे तो मनाशी घोकीत असतो. परंतु संसारात डोळे उघडे ठेवून पाहिले तर एक विपरीत गोष्ट दिसून येते. ज्याच्या घरी उद्याच्या दाण्याची शाश्वती नाही, तोदेखील लग्नात मांडव मोठा घालतो, वाजंत्री लावतो आणि बापाच्या तेराव्याला गावजेवण घालतो. आणि हे सारे तो कर्ज काढून करतो. हा दंभ कोठून आला? त्याच्यापाशी धनाचा मद तर नाहीच. यास्तव या प्रश्नाचा विचार केवळ निंदेने न करता विवेकाने केला पाहिजे.

दख्खनच्या कोणत्याही खेड्यात घडू शकेल असा एक प्रसंग घ्या. दोन एकर जिराईत जमीन, एक बैलजोडी आणि शाळेत जाणारी एक मुलगी असलेल्या शेतकऱ्याचा वृद्ध पिता कालवश होतो. दहाव्या दिवसाचे विधी आटोपल्यावर भाऊबंद ओसरीवर बसतात. वडीलधारे चुलते म्हणतात, “बाळ, तुझ्या बापाने साठ वर्षे साऱ्या गावच्या पंक्तीत पान घेतले. त्याच्या तेराव्याला गाव जेवले नाही, तर लोक त्याचे नाव कसे घेतील?”

मुलगा खाली मान घालून म्हणतो, “काका, पोरीच्या पुढच्या शिक्षणासाठी पंधरा हजार बाजूला ठेवले आहेत. घरात तेवढेच आहेत.”

“अरे, पैसा आज आहे, उद्या नाही. गेलेली अब्रू मात्र परत येत नाही. कमी पडले तर सावकाराकडे शब्द टाकायला आम्ही आहोतच की!”

शब्द टाकायला सारे आहेत. पदरचा पैसा टाकायला मात्र कोणी नाही, हे त्या शोकाच्या वेळी त्याच्या ध्यानात येत नाही. पंधरा हजार तर जातातच, शिवाय शेकडा तीन रुपये दरमहा व्याजाने एक लाख रुपये उभे राहतात. गाव जेवते. आठ दिवस गावात वाहवा होते. वर्ष उलटण्याच्या आत बैलजोडीतला एक बैल बाजारात जातो आणि मुलगी शाळा सोडून शेजारच्या शेतात निंदणीला जाऊ लागते. बापाचे नाव राखण्यासाठी जे केले, त्याची किंमत नातीने दिली.

या कर्जाचा हिशेब प्रत्येक गृहस्थाने एकदा पाटीवर मांडून पाहावा. एक लाखावर शेकडा तीन रुपये म्हणजे दरमहा ३,००० रुपये, वर्षाला ३६,००० रुपये आणि तीन वर्षांत १,०८,००० रुपये केवळ व्याजापोटी जातात. एवढे देऊनही मुद्दलाचे एक लाख डोक्यावर जसेच्या तसे उभे असतात. आता दुसरी बाजू पाहा. हेच ३,००० रुपये प्रसंगाच्या आधी तीन वर्षे दरमहा बाजूला ठेवले असते, तर एक पैसा व्याज न मिळताही १,०८,००० रुपये हाती राहिले असते. देणारा हात तोच, रक्कम तीच आणि काळही तोच. फरक इतकाच की एका वाटेने गृहस्थ ऋणात राहिला आणि दुसऱ्या वाटेने तो ऋणमुक्त राहिला असता.

येथे कोणी म्हणेल, गरिबाच्या घरी महिना ३,००० रुपये उरतात कोठे? हा आक्षेप खरा आहे, आणि ज्या घरी खरोखरच काही उरत नाही त्या घराला शिल्लकेचा उपदेश करणे ही क्रूरता होईल. परंतु ज्याच्याने आधी शंभर रुपये उरत नव्हते, तोच मनुष्य कर्ज झाल्यावर दरमहा व्याज भरीत असतो. ते तो कोठून आणतो? मुलांच्या तोंडचे दूध कमी होते, औषध पुढे ढकलले जाते, बैलाची वैरण आटते. व्याजासाठी दारात माणूस उभा राहतो, म्हणून ते कसेबसे निघते. शिल्लकेसाठी दारात कोणी येऊन उभा राहत नाही, म्हणून ती पडत नाही.

याचा अर्थ गरीब मनुष्य मूर्ख किंवा उधळ्या आहे असा कोणी काढू नये. गरिबांचे दारिद्र्य त्यांच्या सणसमारंभांमुळेच आले, असे सुखवस्तू लोक फार पूर्वीपासून म्हणत आले आहेत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो आसपासच्या गावांत पसरला. त्याची कारणे शोधण्यासाठी सरकारने जो आयोग नेमला, त्याने मात्र निराळाच अभिप्राय नोंदविला. रयतेच्या कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून लग्नखर्चाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते. अन्न, बियाणे, बैल आणि सरकारी सारा यांसाठी वरचेवर काढावी लागणारी लहान कर्जेच ओझे अधिक वाढवितात, असे त्या आयोगास आढळले. तात्पर्य, दारिद्र्याचा सारा दोष गरिबाच्या पंक्तीवर ढकलणे हा अन्याय आहे. पण ज्याच्या डोक्यावर आधीच बियाण्याचे व साऱ्याचे ओझे आहे, त्याला मानाचे ओझे अधिकच जड होते, हेही तितकेच खरे.

अलीकडच्या काळातील एक पाहणीही विचार करण्याजोगी आहे. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात अत्यंत गरीब कुटुंबांच्या खर्चाची पाहणी झाली. तिचा आधार घेऊन अभिजित बॅनर्जी व एस्थर डफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. शंभरांतील नव्व्याण्णवाहून अधिक कुटुंबांनी वर्षभरात लग्न, अंत्यविधी अथवा धार्मिक सण यांवर काही ना काही खर्च केला होता, आणि मध्यम प्रतीच्या कुटुंबाच्या वार्षिक खर्चाचा सुमारे दहावा हिस्सा सणांत गेला होता. ही कुटुंबे पोटभर खाऊन पिऊन उरलेला पैसा सणांत घालीत नव्हती. अर्धपोटी राहणारा मनुष्यही सणाला हात आखडता घेत नाही, यावरून सण व समारंभ ही त्याच्या जीवनातील केवळ चैन नसून त्याहून अधिक काही आहे हे उघड होते.

हे अधिक काही म्हणजे काय? श्रीमंत मनुष्याचा मान त्याच्या वाड्यावरून, शेतावरून व बँकेतील ठेवीवरून लोकांना दिसतो. तो साध्या धोतरात लग्नाला गेला तर लोक त्याच्या साधेपणाचे कौतुक करतात. गरीब मनुष्य त्याच धोतरात गेला तर लोक म्हणतात, याच्यापाशी काही नाही. त्याची पत त्याच्या नावावर उभी असते. मुलीला चांगले स्थळ मिळणे, दुकानात उधारी मिळणे, आजारपणात शेजाऱ्याने धावून येणे, हे सारे त्या नावावर अवलंबून असते. म्हणून नाव बुडू नये यासाठी तो जिवापाड झटतो. श्रीमंताचा दंभ मदातून उपजतो. गरिबाचा दंभ भयातून उपजतो. पहिल्याला आपण इतरांहून वर दिसावे असे वाटते, दुसऱ्याला आपण इतरांहून खाली दिसू नये एवढेच वाटते. ज्याला उपदेश करावयाचा त्याच्या मनातील भय ओळखल्यावाचून केलेला उपदेश व्यर्थ होय.

शिवाय गरिबाच्या शिल्लकेला समाजात आणखी एक शत्रू आहे. घरात दोन पैसे साठले आहेत हे कळताच आप्त येतात. कोणाला फी भरावयाची असते, कोणाला औषध आणावयाचे असते. नाही म्हणावे तर मनुष्य कृपण ठरतो, होय म्हणावे तर शिल्लक जाते. तोच पैसा मांडवात व पक्वान्नात घातला तर सारे त्याला उदार म्हणतात. म्हणजे जो साठवितो त्याला दोष आणि जो उधळतो त्याला शाबासकी, अशी रीत समाजाने नकळत घालून दिली आहे. हल्ली तर लग्नाची छायाचित्रे मोबाइलवरून तासाभरात शंभर घरी पोहोचतात आणि हप्त्याने मिळणाऱ्या वस्तूंमुळे नसलेला पैसाही असल्यासारखा वाटतो. पूर्वी गावाची नजर गावापुरती होती. आता ती घराघरात शिरली आहे.

या रोगाचे मूळ गीतेने अठराव्या अध्यायात उघड करून दाखविले आहे. तेथे सदतिसाव्या व अडतिसाव्या श्लोकांत सात्त्विक व राजस सुखांचा भेद सांगितला आहे. सात्त्विक सुख आरंभी विषासारखे वाटते आणि परिणामी अमृतासारखे होते; राजस सुख आरंभी अमृतासारखे वाटते आणि परिणामी विषासारखे ठरते. गृहस्थाच्या व्यवहाराला ही कसोटी लावून पाहावी. वाहवा मिळते त्या दिवशी ती गोड लागते आणि व्याजाच्या पहिल्या तारखेपासून कडू होऊ लागते. मन आवरून बाजूला ठेवलेला पैसा त्या दिवशी बोचतो, चारचौघांत मान खाली घालावी लागते. पण आजारपणात, दुष्काळात किंवा मुलीच्या शिक्षणाच्या वेळी त्याची किंमत कळते. म्हणून नियमाने शिल्लक टाकणे हा केवळ व्यवहार नाही. निष्ठेने व निगर्वी मनाने केले तर ते गृहस्थाश्रमातील एक तपच आहे.

येथे एक शंका संभवते. दुसऱ्या अध्यायाच्या चौतिसाव्या श्लोकात स्वतः भगवंतच अर्जुनाला सांगतात की, प्रतिष्ठित मनुष्याला अपकीर्ती मरणाहून वाईट वाटते. मग गृहस्थाने अब्रूसाठी कर्ज काढले तर त्यात वावगे ते काय? या शंकेचे समाधान त्या वचनाचा प्रसंग पाहिल्याने होते. तेथे अर्जुन धर्म्य युद्ध सोडून जावयास निघाला आहे, आणि स्वधर्म टाकल्याने जी अपकीर्ती होईल तिच्याविषयी ते वचन आहे. पाने किती वाढली, मांडवाला झालर होती की नाही, यावरून होणाऱ्या लोकचर्चेला ते लागू करणे म्हणजे शास्त्राचा दुरुपयोग होय. शिवाय त्याच अध्यायात पुढे लगेच सुखदुःखे, लाभहानी व जयपराजय समान मानून कर्तव्य करावे असा उपदेश आला आहे. आणि बाराव्या अध्यायात मान व अपमान ज्याला सारखे, तो भक्त आपल्याला प्रिय आहे असे भगवंतांनी सांगितले आहे. मुलीचे शिक्षण, घरच्यांचे अन्न आणि घेतलेल्या कर्जाची फेड हा गृहस्थाचा स्वधर्म आहे. तो बुडाला तर ती खरी अपकीर्ती. शंभर पानांऐवजी दहा पाने वाढली ही अपकीर्ती नव्हे.

कर्ज काढून घातलेल्या जेवणाने पितरांना सद्गती मिळते असे जे मानतात, त्यांनी स्मृतींचे मतही पाहावे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाविषयी स्पष्ट सांगितले आहे की, देवकार्यात दोघांना व पितृकार्यात तिघांना, अथवा दोन्हीकडे एकेकालाच भोजन द्यावे. कर्ता कितीही संपन्न असला तरी त्याने विस्ताराच्या नादी लागू नये. त्याचे कारणही तेथेच दिले आहे. पंक्ती वाढली की सत्कार नीट होत नाही, स्थळकाळाचे भान राहत नाही, शुचिता ढळते आणि योग्य पात्र मिळत नाही. म्हणजे ज्या शास्त्राच्या नावाने गरिबाकडून गावजेवण घेतले जाते, ते शास्त्र श्रीमंतालाही विस्तार करू नको म्हणते.

मग कीर्तीला गृहस्थाच्या जीवनात स्थानच नाही काय? आहे; पण त्याला मर्यादा आहे. श्रीमद्भागवताच्या आठव्या स्कंधात शुक्राचार्य बळिराजाला सांगतात की, जो आपल्या धनाचे पाच भाग करतो तो इहलोकी व परलोकी सुखी होतो. धर्मासाठी एक भाग, कीर्तीसाठी एक, धनाच्या वृद्धीसाठी एक, स्वतःच्या उपभोगासाठी एक आणि स्वजनांसाठी एक. शास्त्राने यशाला पाचांतील एक वाटा दिला, पण बाकीचे चार वाटे गिळण्याचा अधिकार त्याला दिला नाही. आणि हे पाचही वाटे हाती असलेल्या धनाचे आहेत. उसन्या धनाला वाटे नसतात, त्याला फक्त फेड असते.

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातील मुंगसाची कथा या संदर्भात मनन करण्यासारखी आहे. युधिष्ठिराचा अश्वमेध पूर्ण झाला, दानाची कीर्ती दाही दिशांना पसरली, तेव्हा अर्धे अंग सोन्याचे असलेले एक मुंगूस यज्ञमंडपात आले व म्हणाले की, हा यज्ञ कुरुक्षेत्रातील त्या ब्राह्मणाच्या मापभर सातूच्या पिठाची बरोबरी करू शकत नाही. दुष्काळाच्या दिवसांत शेतात पडलेले दाणे वेचून जगणाऱ्या त्या कुटुंबाने आपल्या चौघांच्या वाट्याचे पीठ दारी आलेल्या अतिथीला एकामागून एक देऊन टाकले होते. त्या जागी सांडलेल्या कणांत लोळताच मुंगसाचे अर्धे अंग सोन्याचे झाले. उरलेले अर्धे अंग कोणत्याही यज्ञभूमीत सोन्याचे होईना. या कथेतील दोन गोष्टी सहसा ध्यानात घेतल्या जात नाहीत. पहिली अशी की, त्या कुटुंबाने कोणाकडून उसने आणले नव्हते, जे स्वतःचे होते तेच दिले. दुसरी अशी की, ते दान पाहावयास तेथे गाव जमला नव्हता.  सतराव्या अध्यायाच्या बाराव्या श्लोकात दंभासाठी केलेल्या यज्ञाला राजस म्हटले आहे, त्याचे रहस्य हेच.

आता प्रश्न असा की, ही रीत बदलावी कोणी? गरिबाने एकट्याने बदलावी असे म्हणणे सोपे आहे, पण ज्याचे नाव आधीच कमकुवत आहे त्याच्या खांद्यावर समाजसुधारणेचे ओझे टाकणे न्यायाचे नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायाच्या एकविसाव्या श्लोकाने ही जबाबदारी कोणाची हे ठरवून दिले आहे. श्रेष्ठ मनुष्य जसा वागतो तसे इतर वागतात. तो जे प्रमाण मानतो त्यालाच लोक अनुसरतात. म्हणजे गावातील पाटील, सावकार, व्यापारी, अधिकारी, शहरात जाऊन कमावून आलेला भाऊबंद, हे आपल्या घरच्या लग्नात जो मांडव घालतात, तोच पुढे गरिबाच्या मांडवाचे माप ठरतो. त्यांना तो खर्च झेपतो, शेजाऱ्याला झेपत नाही. बाराव्या अध्यायात ज्याच्यामुळे लोकांना उद्वेग होत नाही त्याला भगवंतांनी प्रिय म्हटले आहे. ज्याच्या घरचे लग्न पाहून शेजारच्या गरिबाला रात्रभर झोप येत नाही, त्याने आपल्या हातून लोकांना उद्वेग होतो आहे की नाही, याचा विचार करावा.

ज्यांच्या शब्दाला वजन होते अशा सत्पुरुषांनी ही रीत बदलून दाखविली आहे. संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनी आपल्या कीर्तनांतून कर्ज काढून लग्न-तेरावा करू नका, घरातले भांडे विकावे लागले तरी चालेल पण मुलाला शाळेत घाला, असा उपदेश खेडोपाडी केला. त्यांच्या शब्दावर लोकांनी लाखो रुपये दिले, धर्मशाळा उभ्या राहिल्या. ते स्वतः मात्र फाटक्या चिंध्यांत व मातीच्या गाडग्यावर राहिले. ज्याला सारे समाज मानतो तोच चिंध्यांत राहतो हे पाहून गरिबाला आपल्या चिंध्यांची लाज वाटेनाशी झाली, हा त्या उपदेशाचा खरा आधार होता. केरळात श्रीनारायण गुरूंनी, ज्यांची समाधी १९२८ साली झाली, आपल्या अनुयायांना तालिकेट्टु कल्याणम् यासारखे खर्चिक विधी सोडून मोजक्या माणसांत साधे लग्न करण्याचा मार्ग घालून दिला. प्रांत दोन, भाषा दोन, पण उपाय एकच.

कायद्यानेही प्रयत्न केले आहेत. राजस्थानात १९६० साली मृत्युभोजास प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि केंद्राचा १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला. तरीही या रूढी समूळ गेलेल्या नाहीत, कारण कायदा पंक्ती मोजू शकतो, मनातील भय मोजू शकत नाही. ते भय ज्या समाजाने घातले, त्यानेच ते काढावयाचे आहे.

आणि जसा खर्चाला समाज लागतो तसा शिल्लकेलाही समाज लागतो. आपल्या देशात डाकघरातील बचत बँक १ एप्रिल १८८२ पासून सुरू आहे. तिचा आधार मोठा, पण तेथे कोणी विचारीत नाही की या महिन्यात पैसे का भरले नाहीत. गावोगावच्या भिशीत आणि बचत गटात ते विचारले जाते. १९९२ साली राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने, म्हणजे नाबार्डने, असे गट बँकांशी जोडण्याचा उपक्रम आरंभिला आणि पुढे तो देशभर पसरला. दहा ते वीस स्त्रिया ठरल्या दिवशी एकत्र बसतात, प्रत्येकीची रक्कम सर्वांसमोर वहीत लिहिली जाते. जी लोकलाज पूर्वी कर्ज काढावयास लावीत होती, तीच आता शिल्लक टाकावयास लावते. शिवाय आप्त मागावयास आला तर “पैसा गटात आहे” असे सांगता येते. नाही म्हणण्याचा दोष एकट्या बाईच्या माथी येत नाही. लोकलाजेचा नाश करणे कठीण आहे. तिचे तोंड फिरविणे शक्य आहे.

या सर्व विवेचनाचे सार आचरणात यावे म्हणून प्रत्येक गृहस्थाने पुढील नियम यथाशक्ती पाळावे.

१. लग्न, बारसे, तेरावा यांसाठी जास्तीत जास्त किती खर्च करावयाचा, हे पतिपत्नींनी मिळून प्रसंगाच्या पुष्कळ आधी, शांत वेळी ठरवावे व लिहून ठेवावे. शोकाच्या अगर आनंदाच्या भरात आकडा ठरवू नये.

२. समारंभासाठी व्याजाने पैसा काढू नये. आजारपण, बियाणे अथवा धंद्याचे साहित्य यांसाठी काढलेले कर्ज निराळे. ते कर्तव्यासाठी आहे.

३. मिळकत हाती येताच प्रथम शिल्लकेचा भाग बाजूला काढावा, मग खर्चास आरंभ करावा. भाग लहान असला तरी चालेल, नियम मोडू नये. थेंबे थेंबे तळे साचते.

४. ज्यांना परमेश्वराने अधिक दिले आहे त्यांनी आपल्या घरची कार्ये गावातील गरिबाला झेपतील अशा मापाने करावी. वाचलेला पैसा गरजू मुलांच्या शिक्षणाला गुप्तपणे द्यावा.

५. आहेर व मानपान यांची देवाणघेवाण भाऊबंदांनी एकत्र बसून कमी करावी, म्हणजे एकाच घरावर कमीपणा येणार नाही.

६. दुसऱ्याच्या घरी जेवून आल्यावर पक्वान्नांची, साड्यांची व मांडवाची चर्चा घरात करू नये, मुलांसमोर तर मुळीच करू नये. दुर्योधनाचे राजभोजन नाकारून विदुराच्या घरी जेवणाऱ्या श्रीकृष्णाचे स्मरण पाहुण्याने ठेवावे. यजमानाला भय वाटते ते पाहुण्याच्या जिभेचे.

७. ज्याने कर्ज न काढता साधे कार्य केले, त्याच्या घरी आवर्जून जावे आणि चारचौघांत त्याची प्रशंसा करावी. निंदेने रीत पडते, तशीच ती प्रशंसेनेही पडते.

यांतील शेवटचा नियम सर्वांत सोपा असून सर्वांत कमी पाळला जातो. त्याला पैसा लागत नाही. केवळ दोन शब्द लागतात. ते दोन शब्द वेळेवर बोलणारा एक जरी वडील मनुष्य ओसरीवर असला, तरी एखाद्या घरची बैलजोडी वाचते, एखाद्या मुलीची शाळा चालू राहते.

नवव्या अध्यायात भगवंतांनी भक्ताकडे काय मागितले आहे? पान, फूल, फळ आणि पाणी. जे रानात मिळते, नदीत मिळते आणि ज्याला कर्ज काढावे लागत नाही, एवढेच त्यांनी मागितले. त्याबरोबर मागितली ती भक्ती, जी बाजारात मिळत नाही. साऱ्या विश्वाचा स्वामी एका पानावर संतुष्ट होतो, तेथे भाऊबंदांनी पन्नास पक्वान्नांची अपेक्षा धरावी, यात कोणाचा मान आहे? गृहस्थाने ते पान निर्भयपणे वाढावे आणि समाजाने ते प्रसन्न मुखाने घ्यावे. ज्या गावात असे घडेल त्या गावात गरिबाचे नाव कर्जावाचून राहील, त्याची शिल्लक त्याच्या मुलाबाळांच्या कामी येईल आणि पितरही खऱ्या अर्थाने तृप्त होतील.